टीवरून फेकायला पटर कोणता घ्यावा?

"पटर टोपलीजवळ पोचल्यावर काढायचा असतो ना? मग इथे टीवर उभं राहून तोच का फेकताय?"

डिस्क गोल्फ, म्हणजे फ्रिस्बीसारखी डिस्क फेकत फेकत टोपलीत टाकायचा खेळ, खेळायला माझ्याबरोबर पहिल्यांदा आलेल्या बहुतेकांनी हा प्रश्न विचारला आहे आणि तो रास्त आहे. दुकानात पटरच्या, म्हणजे जवळून टोपलीत टाकायच्या डिस्कच्या, शेजारीच 'ड्रायव्हर' नावाच्या, लांब जाण्यासाठीच घडवलेल्या डिस्क मांडलेल्या असतात. मग टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, पहिल्याच फेकीला जवळची डिस्क कशाला? आणि फेकायचीच तर फळीवरच्या एवढ्या सगळ्या पटरांतून कोणती उचलायची?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर या खेळाच्या इतिहासातल्या सगळ्यात गाजलेल्या फेकीत सापडतं. जून २०२१, अमेरिकेतल्या युटा राज्यातलं ऑग्डेन शहर, व्यावसायिकांची जागतिक स्पर्धा. शेवटचा होल, म्हणजे टीपासून टोपलीपर्यंतचा शेवटचा टप्पा. जेम्स कॉनराड पॉल मॅकबेथच्या एका फेकीने मागे होता आणि टोपली त्याच्यापासून सुमारे ७५ मीटर लांब होती. त्याने हातात घेतला तो ॲक्झिअम कंपनीचा एन्व्ही, म्हणजे एक पटर. डिस्क उठली, अलगद वळली आणि थेट टोपलीच्या साखळ्यांत जाऊन बसली. बरोबरी झाली, प्लेऑफ झाला आणि कॉनराड विश्वविजेता ठरला. ती फेक टीवरची नव्हती, मधल्या गवतावरची होती. पण ७५ मीटर हेच अंतर आपल्यासारख्या हौशी खेळाडूंना टीवरून कितीतरी होलांना लागतं. त्या अंतराला जगातला एक उत्तम खेळाडू सगळं पणाला लागलेलं असताना पटर उचलतो, याला कारण आहे.

आधी खेळ समजून घेऊ

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी सार्वजनिक बागेत छातीएवढ्या खांबाला साखळ्या लटकवलेली लोखंडी टोपली पाहिली असेल. ती या खेळाची 'बास्केट'. गोल्फसारखंच, ठरलेल्या जागेवरून सुरुवात करायची आणि कमीत कमी फेकींत डिस्क टोपलीत टाकायची. सुरुवातीच्या जागेला टी म्हणतात. एड हेड्रिक या माणसाने कॅलिफोर्नियात १९७५ साली पहिलं कायमस्वरूपी मैदान उभं केलं, पुढच्या वर्षी खेळाची संघटना काढली आणि नंतर साखळ्यांच्या टोपलीचं पेटंट मिळवलं. आज दिसणारी जवळजवळ प्रत्येक टोपली त्याच कल्पनेवर चालते: डिस्क साखळ्यांवर आदळते, साखळ्या तिचा वेग खातात, ती खाली टोपलीत पडते.

मुंबई-पुण्यात अल्टिमेट, म्हणजे फ्रिस्बीचा सांघिक खेळ, खेळणाऱ्यांना फेकीची सवय असते, पण डिस्क वेगळी. अल्टिमेटची डिस्क १७५ ग्रॅमची आणि सुमारे २७ सेंटिमीटर रुंद. गोल्फची डिस्क वजनाला तेवढीच, पण रुंदी सुमारे २१ सेंटिमीटर. तेवढंच वजन लहान जागेत दाबून बसवलेलं असल्यामुळे ती हवेवर कमी तरंगते आणि हवा जास्त कापते. अल्टिमेटमधून आलेल्यांना सगळ्या गोल्फ डिस्कांत पटर हाताला ओळखीचा वाटतो, कारण त्या मोठ्या डिस्कचा हा सगळ्यात जवळचा नातलग.

गोल्फ डिस्कचे ढोबळ तीन वर्ग: टोपलीत टाकण्यासाठी पटर, मधल्या अंतरासाठी मिडरेंज आणि लांबवर जाण्यासाठी ड्रायव्हर.

फरक सगळा कडेत आहे

तिन्ही डिस्क एकावर एक ठेवल्या तर व्यास जवळपास सारखाच दिसतो. फरक बोटाने कड चाचपल्यावर कळतो. ड्रायव्हरची कड रुंद आणि पुढे निमुळती होत जाते, सुरीच्या पात्यासारखी. वेगवान ड्रायव्हरची कड २ सेंटिमीटरहून रुंद असते. पटरची कड जेमतेम १ सेंटिमीटर, उभी आणि बोथट, वाटीच्या काठासारखी.

सुरी हवेतून सहज जाते, वाटी हवेला ढकलत जाते. म्हणून ड्रायव्हरचा वेग टिकतो आणि पटरचा लवकर उतरतो. टोपलीपाशी हा गुण आहे, कारण चुकलेला पटर पुढे पळत नाही. आणि हाच गुण टीवरूनही कामाला येतो. ड्रायव्हर जमिनीला टेकल्यावर तळ्यावर मारलेल्या चपट्या दगडासारखा उसळून भलतीकडे सरपटतो. पटर पडला की बहुधा पडतो तिथेच राहतो.

पात्याची दुसरी अट लोक विसरतात. ड्रायव्हर नीट उडायला भरपूर वेग लागतो, आणि तो वेग नवख्याच्या हातात नसतो. तेवढा वेग मिळाला नाही तर लांब जाण्यासाठी बनवलेली तीच डिस्क सुरुवातीपासूनच एका बाजूला खेचली जाते. हे का होतं, ते भोवऱ्यावरून समजतं.

भोवऱ्याचा नियम

फिरणाऱ्या भोवऱ्याला एका बाजूने हलकं टोचून बघा. तो टोचलेल्या दिशेला कलंडत नाही, काटकोनात दुसऱ्याच बाजूला झुकतो. फिरणारी प्रत्येक वस्तू असंच करते. डिस्कही.

उजव्या हाताने, हात छातीसमोरून आडवा नेऊन फेकलेली डिस्क वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. या फेकीला बॅकहँड म्हणतात, आणि पुढचं सगळं तिच्याविषयी आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं वाचावं.

उडताना हवा डिस्कच्या पुढच्या कडेला कधी वर उचलायला बघते, कधी खाली दाबायला. डिस्क वेगात असते तेव्हा हवा पुढची कड खाली दाबते. भोवऱ्याच्या नियमाने डिस्क पुढे झुकायच्या ऐवजी उजवीकडे कलते. याला 'टर्न' म्हणतात. वेग उतरून डिस्क खाली बसू लागली की हवा तिला पोटाकडून जास्त लागते आणि पुढची कड वर उचलू पाहते. आता ती डावीकडे कलते. याला 'फेड' म्हणतात. त्यामुळे चांगल्या फेकीची वाट थोडी उजवीकडे जाऊन शेवटी डावीकडे येते, काहीशी लांबट इंग्रजी 'एस'सारखी.

ड्रायव्हरला पुरेसा वेग दिला नाही, तर तो जन्मापासूनच मंद डिस्कसारखा वागतो आणि पहिल्या वीस मीटरपासून डावीकडे खेचला जातो. नवख्या खेळाडूंचे ड्रायव्हर सदानकदा डावीकडच्या झाडीत जातात ते यामुळे. पटरला तो वेग लागतच नाही. साधारण हाताच्या ताकदीतसुद्धा त्याला वेगातला आणि मंदावलेला असे दोन्ही टप्पे मिळतात, म्हणून तो सरळ जातो.

डिस्कवरचे चार आकडे

बहुतेक डिस्कवर किंवा तिच्या वेष्टनावर चार आकडे असतात. पहिला स्पीड, म्हणजे नीट उडायला किती वेग हवा. दुसरा ग्लाइड, म्हणजे हवेवर किती तरंगते. तिसरा टर्न आणि चौथा फेड. टर्न उणे असेल तर डिस्क उजवीकडे सहज वळते, शून्य असेल तर वळत नाही.

इनोव्हाच्या ॲव्हिआर या प्रसिद्ध पटरचे आकडे २, ३, ०, १ आहेत. त्याच कंपनीच्या डिस्ट्रॉयर या ड्रायव्हरचे १२, ५, उणे १, ३. दोन्ही शेजारी ठेवले की फरक समजतो: ड्रायव्हरला सहापट स्पीड आकडा आणि शेवटी डावीकडे तिप्पट ओढ.

हे आकडे कंपन्या स्वतः ठरवतात. संघटना डिस्कला मान्यता देते ती मापं आणि वजन बघून, उड्डाण बघून नाही. त्यामुळे एका कंपनीचा २ दुसऱ्या कंपनीच्या ३ सारखा उडू शकतो. आकडे म्हणजे कपड्यांवरचं मीडियम-लार्ज आहे. घालून बघितल्याशिवाय खरं कळत नाही.

सरळ घ्यायचा की डावीकडे ओढणारा?

निवडीत सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, म्हणून इथे जरा थांबतो.

पटर मुख्यतः तीन स्वभावांचे असतात. काही वेगातही उजवीकडे हलत नाहीत आणि शेवटी ठाम डावीकडे येतात. त्यांना ओव्हरस्टेबल म्हणतात. डिस्क्राफ्टचा झोन हे त्यांचं उत्तम उदाहरण, आकडे ४, ३, ०, ३. काही थोडा जोर लावला की उजवीकडे वळतात आणि कधीकधी परततच नाहीत, ते अंडरस्टेबल. आणि मधले सरळ: ॲव्हिआर, डायनॅमिक डिस्क्सचा जज, आणि त्यांच्यासारखे बरेच.

दुकानदार आणि अनुभवी मित्र टीसाठी बऱ्याचदा ओव्हरस्टेबल सुचवतात. त्यांचं म्हणणं असं की जोरात फेकल्यावर सरळ पटर उजवीकडे उलटतो, हट्टी पटर उलटत नाही. ज्यांचा हात वेगवान आहे त्यांच्या बाबतीत हे खरंच आहे. पण माझं मत ठामपणे वेगळं आहे: टीवरून फेकायचा पहिला पटर सरळच असावा.

हवेत डगमगत जाणारी डिस्क पाहिली असेल. सोडताना मनगट वळलं किंवा डिस्क हातात तिरकी बसली की ती थरथरत निघते. ड्रायव्हरचं वजन रुंद कडेत, म्हणजे मध्यापासून लांब असतं. बैलगाडीच्या चाकाला बाहेरून चढवलेली लोखंडी धाव चाकाला जशी स्थिर ठेवते, तशी ही जड कड डिस्कला सावरते आणि फेकणाऱ्याची चूक झाकली जाते. पटरची कड अरुंद, त्यामुळे सावरणारं वजन कमी. चूक लगेच थरथरीत दिसते आणि ती थरथर डिस्कला उजवीकडे ओढते. ओव्हरस्टेबल पटर त्या ओढीला विरोध करतो आणि चूक पुन्हा झाकली जाते. सरळ पटर काहीच झाकत नाही. तुम्ही नीट फेकलंत तर तो नीट जातो, आणि वाकडं फेकलंत तर किती वाकडं ते उघड दाखवतो. वर्षभर अशा डिस्कने फेकणाऱ्याचा हात सुधारलेला मी पाहिला आहे. वर्षभर हट्टी डिस्क फेकून डावीकडच्या वळणाचा हिशेब करत राहिलेल्यांची फेक मात्र तशीच राहते.

कॉनराडच्या एन्व्हीत ही धावेची युक्ती मुद्दाम केलेली आहे. त्या कंपनीच्या डिस्क दोन प्लास्टिकच्या असतात, आतला भाग हलका आणि बाहेरचं कडं जड. म्हणून पटर असूनही तो जोराच्या फेकीत बऱ्यापैकी स्थिर राहतो. ज्यांचा हात वेगवान आहे आणि ज्यांना सरळपणाही सोडायचा नाही, त्यांच्यासाठी असा पटर चांगला मधला मार्ग आहे.

हाताला बसतो का?

आकड्यांपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे आणि याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं.

टोपलीत टाकताना आपण बोटं पंख्यासारखी डिस्कच्या पोटावर पसरून धरतो. टीवरून फेकताना चारही बोटं कडेच्या आत घट्ट रोवतो. म्हणजे एकच डिस्क दोन पकडींत वेगळी लागते. दुकानात पटर हातात घेऊन टोपलीच्या पकडीत तोलून बघणारे खूप दिसतात. टीसाठी घ्यायचा असेल तर मूठ आवळून बघायला हवं.

काही पटरांच्या कडेच्या तळाशी वर्तुळभर एक बारीक उंचवटा असतो. खेळाडू त्याला बीड म्हणतात. मी त्याला कंगोरा म्हणेन. कंगोरा असलेला पटर सहसा थोडा जास्त ठाम उडतो आणि जोर सोसतो. कंगोरा नसलेला जास्त तरंगतो आणि हातातून गुळगुळीत सुटतो. एकाच साच्याची दोन्ही रूपं मिळतात. डायनॅमिक डिस्क्सच्या जजला कंगोरा आहे, आणि तोच पटर कंगोऱ्याशिवाय वॉर्डन या नावाने विकला जातो. इनोव्हानेही बारा वेळा विश्वविजेता झालेल्या केन क्लाइमोच्या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा, मोठ्या कंगोऱ्याचा ॲव्हिआर काढला आहे.

ज्यांची बोटं आखूड आहेत त्यांना खोल कड आणि वर कंगोरा असा पटर त्रास देतो. बोट कंगोऱ्याला अडतं, डिस्क क्षणभर उशिरा सुटते आणि उजवीकडे जाते. मग माणूस डिस्कला दोष देतो. माझ्या पत्नीचं नेमकं हेच झालं होतं. महिनाभर तिच्या सगळ्या फेकी उजवीकडे जात होत्या. कंगोरा नसलेली, कमी खोल कडेची डिस्क हातात दिली आणि त्याच दुपारी तिच्या फेकी मधोमध आल्या. आमचा एक महिना वाया गेला, कारण आम्ही आकडे वाचत बसलो आणि बोटं बघितली नाहीत.

प्लास्टिक: नवा चेंडू, जुना चेंडू

एकच पटर दोन-तीन प्रकारच्या प्लास्टिकमध्ये मिळतो. साधं प्लास्टिक स्वस्त आणि हाताला चिकटणारं, अमेरिकेत साधारण १० डॉलरच्या आसपास. महागडं प्लास्टिक गुळगुळीत आणि चिवट, साधारण १८ ते २० डॉलरला. टोपलीत टाकायला साधंच चांगलं, कारण ते साखळ्यांना धरून राहतं. टीवरून फेकलेली डिस्क मात्र झाडांवर, दगडांवर, डांबरावर आपटते.

क्रिकेट बघणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. नवा चेंडू एका तऱ्हेने वागतो, चाळीस षटकं जुना झालेला वेगळ्या. डिस्कची कड झिजत जाते तसतशी ती हळूहळू उजवीकडे वळायला तयार होते. साध्या प्लास्टिकचा पटर झाडांच्या मैदानावर काही महिन्यांतच स्वभाव बदलतो. चिवट प्लास्टिकचा बराच काळ तसाच राहतो, आणि नवा असताना साध्या प्लास्टिकपेक्षा सहसा थोडा जास्त ठाम असतो.

म्हणून टीसाठी माझी निवड चिवट प्लास्टिक. रोज वेगळा वागणाऱ्या डिस्कवर फेक शिकता येत नाही. पाऊस किंवा थंडी जास्त असलेल्या भागात राहत असाल तर गुळगुळीत प्लास्टिक ओल्या हातातून निसटतं आणि थंडीत आणखी कडक होतं. अशा वेळी मधल्या प्रकारचं, थोडी पकड देणारं प्लास्टिक बघावं. पिशवीत टॉवेल तर हवाच.

जुना झालेला पटर टाकून मात्र देऊ नका. झिजून उजवीकडे वळू लागलेला पटर उजवीकडच्या वळणाच्या होलांना अतिशय कामाचा असतो, आणि तो दुकानात विकत मिळत नाही.

वजन

नियमानुसार डिस्कचं वजन व्यासाच्या प्रत्येक सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. नेहमीच्या २१.२ सेंटिमीटरच्या पटरला ही मर्यादा सुमारे १७६ ग्रॅम येते. कॅरमच्या स्ट्रायकरला १५ ग्रॅमची मर्यादा असते तसंच.

प्रौढांनी १७० ते १७५ ग्रॅमच्या दरम्यान घ्यावा. मुलांना किंवा ज्यांच्या खांद्याला त्रास आहे त्यांना १५० ते १६० चा चालेल. हलकी डिस्क जास्त तरंगते, पण वाऱ्याच्या हातात जाते.

"पण अंतर कमी पडेल ना?"

पडेल. ते नाकारण्यात अर्थ नाही. २०१६ मध्ये डेव्हिड विगिन्स ज्युनिअरने नेवाडाच्या वाळवंटात वारा पाठीशी घेऊन ३३८ मीटरची फेक केली. तसं पटरने कधीच होणार नाही. हौशी खेळाडूचा चांगला फेकलेला पटर ५० ते ७० मीटर जातो आणि व्यावसायिक खेळाडूंचा ९० मीटरच्या पुढे.

आता होल बघा. सार्वजनिक बागांतल्या जुन्या मैदानांवर बरेच होल ६० ते ९० मीटरचे असतात, आणि वाट झाडांमधून जाते. समजा डिस्क ठरलेल्या दिशेपेक्षा ५ अंश वाकडी सुटली. ६० मीटरवर ती साधारण सव्वापाच मीटर बाजूला पडेल, १०० मीटरवर पावणेनऊ मीटर. वर ड्रायव्हरचं सरपटणं धरलं तर तो झाडीत गेलेला असतो, आणि तिथून बाहेर यायलाच एक फेक खर्च होते. पटर दहा-पंधरा मीटर कमी जाऊनही मोकळ्या वाटेवर असतो आणि पुढची फेक टोपलीपाशी पोचते.

मोकळ्या, १२० मीटरच्या होलावर मी स्वतः पटर काढत नाही. तिथे ड्रायव्हरच हवा. पण तुमच्या नेहमीच्या मैदानावर असे होल किती आहेत ते एकदा मोजून बघा.

"टोपलीचा आणि टीचा पटर एकच चालणार नाही का?"

सुरुवातीला चालेल. पण टोपलीत टाकण्याच्या डिस्कला टीवरून फेकून झाडांवर आपटू नये. तिची कड खरवडली की तीन मीटरवरूनही ती हाताला वेगळी लागते, आणि टोपलीजवळ तेवढाच फरक पुरतो.

सगळ्यात सोयीचा मार्ग म्हणजे एकाच साच्याचे दोन पटर घेणं: टोपलीसाठी साध्या प्लास्टिकचा, टीसाठी चिवट. हाताला आकार एकच राहतो आणि दोघांचा स्वभाव जपला जातो. टोपलीसाठी जो आवडतो तो टीसाठी हाताला बसत नसेल, तर मात्र वेगळाच साचा घ्यावा. कास्टाप्लास्ट या स्वीडिश कंपनीचा बर्ग घ्या. त्याचे आकडे १, १, ०, २. तो जवळजवळ तरंगतच नाही, म्हणून टोपलीजवळ अलगद टाकायला अप्रतिम. तोच टीवर आणाल तर जीव काढून फेकावं लागेल.

"वाऱ्यात काय?"

समोरून वारा आला की डिस्कला आपण जास्त वेगात आहोत असं 'वाटतं'. तिच्यावरून जाणारी हवा खरोखरच जास्त वेगाने जाते, म्हणून ती नेहमीपेक्षा जास्त उजवीकडे वळते. सरळ पटर अशा वेळी उलटू शकतो. वारा पाठीमागून असेल तर उलट होतं: डिस्क लवकर बसते आणि डावीकडे जास्त येते.

म्हणजे समोरच्या वाऱ्यासाठी एक ओव्हरस्टेबल पटर हवाच. तो दुसरा घ्या, पहिला नाही. आधी काही महिने सरळ पटर फेकून हात बसू द्या, मग झोनसारखी ठाम डिस्क पिशवीत आणा. ती लहान फोरहँड फेकींनाही उपयोगी पडते. फोरहँड म्हणजे टेबलटेनिसमध्ये मारतो तशी, तळहात पुढे ठेवून केलेली फेक. तिच्यात डिस्क जास्त थरथरते, आणि ती थरथर सोसायला ठाम डिस्कच लागते.

डेन्व्हरसारख्या उंच शहरात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथली हवा विरळ असते, त्यामुळे डिस्क कमी तरंगते आणि डावीकडची ओढ वाढते. समुद्रकाठी सरळ वाटणारा पटर तिथे ठाम वाटतो. तिथे सुरुवातीला जास्त ग्लाइडचा, थोडा मऊ स्वभावाचा पटर घेतला तर बरं.

डिस्कचा दोष की हाताचा, हे कसं ओळखायचं?

नवा पटर घेऊन थेट सामना खेळायला जाऊ नका. वारा नसलेल्या सकाळी मोकळ्या मैदानावर जा, साठ मीटरवर पिशवी ठेवा आणि साधारण ७० टक्के जोर लावून दहा फेकी करा. पूर्ण जोर लावू नका. थकलेल्या आणि ताणलेल्या हातातून काहीच शिकायला मिळत नाही.

डिस्क कुठे पडली त्यापेक्षा शेवटच्या वीस मीटरांत ती काय करते ते बघा. बहुतेक फेकी सरळ जाऊन शेवटी हलकेच डावीकडे येत असतील, तर तुम्हाला तुमचा पटर मिळाला. बहुतेक फेकी उजवीकडे वळून परतत नसतील तर लगेच नवी डिस्क विकत घ्यायला धावू नका. मित्राची एखादी ओव्हरस्टेबल डिस्क मागून तीही दहा वेळा फेका. तीही उजवीकडे उलटली, तर दोष हाताचा आहे: सोडताना मनगट वळतंय, किंवा डिस्कची बाहेरची कड वर राहतेय. मग बाहेरची कड थोडी खाली झुकवून सोडायचा सराव करा. बॅकहँडमध्ये याला हायझर म्हणतात, आणि पटर शिकायला याहून चांगली फेक नाही. ठाम डिस्क सरळ गेली आणि तुमची उलटत राहिली, तर मात्र तुमचा हात त्या पटरपेक्षा वेगवान झालाय. मोठ्या कंगोऱ्याचा किंवा एन्व्हीसारखा जड कडेचा पटर बघायची वेळ आली.

आवडलेल्या पटरच्या एकाच रंगाच्या, एकाच वजनाच्या शक्यतो दोन प्रती घ्या, कारण एक कधीतरी तळ्यात जाणारच. आणि मैदानावर नेण्याआधी डिस्कच्या पोटावर जाड मार्करने नाव आणि फोन नंबर लिहून ठेवा. या खेळात अनोळखी माणसं सापडलेली डिस्क परत करायला खरंच फोन करतात. माझा निळा पटर आठ महिन्यांनी असाच परत आला, कड झिजलेला आणि उजवीकडे छान वळणारा.